ओटीवरचे व्याकरण

रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान पाहायला येणारा माणूस एकाच नावाच्या ओढीने येतो. घर पाहतो, हात जोडतो आणि बाहेर पडतो. या घरात आणखी एक ग्रंथकार नांदून गेला, आणि तोही व्याकरणकार, ही गोष्ट त्याच्या ध्यानी क्वचितच येते. लोकमान्यांचे वडील गंगाधर रामचंद्र टिळक हे आधी रत्नागिरीस शिक्षक होते आणि पुढे शाळाखात्यात साहाय्यक डेप्युटी इन्स्पेक्टरच्या हुद्द्यापर्यंत चढले. संस्कृत आणि गणित हे त्यांचे आवडीचे विषय. त्रिकोणमिती आणि व्याकरण या दोहोंवर त्यांनी शाळांच्या उपयोगी पडतील अशी पुस्तके लिहिली, आणि ती त्या काळी बरीच चालली. २३ जुलै १८५६ रोजी त्यांना मुलगा झाला. व्याकरणाचे पुस्तक लिहिणारा बाप आपल्या मुलाला घरी व्याकरण कसे शिकवी, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या कुतूहलाचा नाही. मराठी घरातल्या शिक्षणाचा एक मोठा इतिहास त्याच्या पाठीमागे उभा आहे.

चरित्रकार सांगतात की, गंगाधरपंत मुलाला श्लोक पाठ करायला देत आणि पाठ झालेल्या प्रत्येक श्लोकामागे एक पै त्याच्या हातावर ठेवीत. पै म्हणजे रुपयाचा १९२ वा भाग. पण पोराच्या हातात ती पडली की तिचे मोल वेगळे होते. आठव्या वर्षी मुंज लागेपर्यंत या मुलाचे अपूर्णांकांपर्यंतचे गणित, रूपावली, समासचक्र आणि निम्मा अमरकोश झाला होता, असेही चरित्रांत नमूद आहे. आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुलाने बाणभट्टाची 'कादंबरी' वाचायला मागितली, तेव्हा वडिलांनी त्याच्यापुढे एक अवघड गणित टाकले आणि सांगितले, हे सुटले तर पुस्तक मिळेल. मुलगा हट्टाने बसला आणि गणित सोडवूनच उठला.

आता या दोन गोष्टींत एक फरक आहे. पै हे वेतन आहे. श्लोकाचा आणि पैचा एकमेकांशी काही संबंध नाही; पैच्या जागी बत्तासा दिला असता तरी चालले असते. गणिताची पैज मात्र निराळी. तिच्यात वडिलांनी आव्हान दिले, मुलाने ते घेतले आणि सोडवण्याच्या झटापटीतच त्याला गोडी लागली. मुलांना खेळातून व्याकरण शिकवावे असे आज पुष्कळ लोक म्हणतात. परंतु त्यांतील बहुतेकांच्या मनात खेळ म्हणजे पै असते. धडा कडू, म्हणून वरून साखर. माझे म्हणणे असे की, आपल्याकडे घरोघर जे खेळ चालत होते त्यांत ही साखर नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. त्या खेळांचे नियम हेच भाषेचे नियम होते. आणि ते मुलांच्या मालकीचे होते.

ही परंपरा किती जुनी आहे हे पाहावयाचे तर वात्स्यायनाने दिलेली ६४ कलांची यादी उघडावी. गीत, वाद्य, नृत्य यांच्या पंगतीला तेथे पाच-सहा कला अशा बसल्या आहेत की त्या निव्वळ भाषेच्या आहेत. प्रहेलिका म्हणजे कोडी. दुर्वाचकयोग म्हणजे उच्चारताना जीभ अडखळेल अशा शब्दांच्या जुळण्या. काव्यसमस्यापूरण म्हणजे एक चरण दिला असता उरलेले पुरे करणे. प्रतिमाला ही कोणती कला म्हणून विचाराल, तर टीकाकार यशोधर सांगतो की लोकांत हिलाच अंत्याक्षरी म्हणतात. म्हणजे आपल्या भेंड्या! अक्षरमुष्टिका म्हणजे थोडक्या अक्षरांत गुप्त मजकूर सांगण्याची युक्ती, आणि म्लेच्छितविकल्प म्हणजे शब्द शुद्धच ठेवून त्यांतील अक्षरांची उलटापालट करून बोलणे, की तिऱ्हाइताला त्यांतले काही कळू नये. नागरकांच्या गोष्ठीत ज्या कला म्हणून मिरवल्या, त्याच पुढे आमच्या पडवीत परकर-पोलक्यांतल्या आणि लंगोट्यांतल्या पोरांनी चालवल्या. कोणी त्यांना त्या शिकवल्या नव्हत्या. थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे त्या आपोआप उतरत गेल्या.

व्याकरण आणि खेळ यांची गाठ घालणारी सर्वांत रंगतदार कथा महाराष्ट्राच्याच भूमीवर घडली असे कथासरित्सागर सांगतो. गोदाकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात, सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी त्याला संस्कृतात म्हणाली, आता पाण्याने मारू नका. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होऊन 'मोदकैः' झाला, आणि राजाने तत्काळ मोदकांची ताटे मागवली! राणी हसली, दासी हसल्या आणि राजा लाजेने अंथरुणाला खिळला. व्याकरणाला १२ वर्षे लागतात, मी सहांत शिकवीन, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवीन. आणि त्याने ज्या सोप्या व्याकरणाने ते करून दाखवले ते कातंत्र. कथा कथाच आहे. पण कातंत्र व्याकरण खरे आहे, आणि काश्मीर-बंगालपासून तिबेटपर्यंत नवशिक्यांना तेच आधी शिकवीत, हेही खरे. या कथेत एक शहाणपण आहे. राजाला सूत्र चुकल्याची लाज वाटली नाही; खेळातून आपण बाहेर पडलो, सगळे हसले आणि आपल्याला का ते कळले नाही, याची वाटली. भाषा शिकण्याची खरी निकड अशी खेळाच्या मध्यावर उत्पन्न होते.

पैठणहून आता घाट उतरून पुन्हा कोकणात येऊ. रत्नागिरीस वर्षाला १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि तो सारा चार महिन्यांत कोसळतो. पाखाडीवरून पाणी धावू लागले की पोरांना ओटी-पडवीखेरीज जग उरत नसे. दिवेलागण झाली, शुभंकरोती झाले की परवचा सुरू होई. पाढे, पावकी, निमकी, दिडकी. आणि भिक्षुकाच्या किंवा शास्त्र्याच्या घरी असेल तर रूपावली. परवचा हा खेळ नव्हे, घोकंपट्टीच. परंतु तो आटोपला की वडीलधारी माणसे आपापल्या कामाला लागत, आणि मागे उरलेल्या पोरांचे राज्य सुरू होई. त्या राज्यातला पहिला खेळ भेंड्या.

भेंड्यांत शेवटच्या अक्षरावर पुढचा श्लोक किंवा गाणे म्हणायचे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पोरांनी त्यात एक पोटनियम केला आहे तो कधी नीट पाहिला आहे का? ळ आला तर ल घ्यायचा, ण आला तर न घ्यायचा. का? तर या अक्षरांनी मराठीत शब्दच सुरू होत नाही. ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकात वर्णविचाराच्या प्रकरणात येते. आठ वर्षांच्या मुलाला ती खेळता खेळता, अडला म्हणून, समजलेली असते. शिवाय त्याने काढलेला तोडगा भाषेच्या इतिहासाला धरून आहे. संस्कृतातले फल, जल, कमल मराठीत फळ, जळ, कमळ झाले; शब्दाच्या पोटातला ल ळ झाला, पण आरंभीचा ल तसाच राहिला, जसा लज्जेपासून आलेल्या लाजेत. तेव्हा ळ अडला की ल कडे जाणारे पोर भाषा ज्या वाटेने आली तीच वाट उलट चालत असते. णची गंमत तर याहून मोठी. दोन हजार वर्षांपूर्वीपासून ज्या महाराष्ट्री प्राकृताची कीर्ती होती, तिच्यात शब्दारंभी ण सर्रास येतो. गाथासप्तशती उघडावी आणि पाहावे. मराठीने तो टाकला. ओटीवरच्या पोरांना यातले काही माहीत नसते, पण नियम मात्र बरोबर माहीत असतो.

दुसरा खेळ च-च्या भाषेचा. वात्स्यायनाच्या म्लेच्छितविकल्पाचा हा कोकणी पणतू. शब्दातले पहिले अक्षर उचलून शेवटी टाकायचे आणि त्याच्या जागी च बसवायचा. घर म्हणजे चरघ, पाणी म्हणजे चाणीप, कैरी म्हणजे चैरीक, मोती म्हणजे चोतीम. आता यात काय घडले ते पाहा. पाणीमधला प शेवटी गेला, पण त्याचा काना गेला नाही. तो चला चिकटून राहिला. कैरीच्या दोन मात्राही जागच्या जागी राहिल्या. अक्षर एक दिसले तरी ते व्यंजन आणि स्वर अशा दोन वस्तूंचे बनलेले असते, हे वर्णमालेतले मूलतत्त्व मुलाच्या जिभेला कळले आहे. ते शब्दात सांग म्हटले तर तो बावचळेल. पण वाडीतल्या मोठ्या माणसांना चुकवून कैऱ्या पाडायचा बेत तो याच भाषेत, क्षणभर न अडखळता, पार पाडील. या अभ्यासाला पै देण्याची गरज कधी कोणाला वाटली नाही.

तिसरा प्रकार लहान-मोठ्याचा. एकाने म्हणायचे सुरा, दुसऱ्याने म्हणायचे सुरी. विळा, विळी. लोटा, लोटी. गाडा, गाडी. मराठीत लिंग बदलले की पुष्कळदा आकार बदलतो, पुल्लिंग मोठे आणि स्त्रीलिंग लहान, हा नियम चार जोड्यांत मुलाच्या हाती लागतो. मग एखादा खट्याळ विचारतो, माड? आणि दुसरा बेसावधपणे उत्तरतो, माडी! सगळे हसतात, कारण माडी हा काही लहान माड नव्हे. ती घरावर तरी असते, नाही तर मडक्यात. पाट-पाटी, घडा-घडी अशा फसव्या जोड्या शोधण्यातच पुढचा तास जातो. नियम आणि अपवाद यांचे नाते इतके स्वच्छ कोणत्या धड्यात सांगितलेले असते? नाव-गाव-फळ-फूल खेळणारी मुले अशीच विशेषनाम आणि सामान्यनाम यांच्या वेगवेगळ्या चौकटी आखत असतात. फक्त चौकटींवर ती नावे लिहिलेली नसतात.

मग ही नावे आली केव्हा? त्याला साल देता येते. १८३६. गावठी शाळेतला पंतोजी धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेई, मोडी वाचायला लावी, हिशेब शिकवी. पण मराठीचे व्याकरण म्हणून काही शिकवण्याची वस्तू आहे, हे त्याच्या स्वप्नीही नव्हते. व्याकरण म्हणजे संस्कृताचे. मातृभाषेला व्याकरण कशाला, ती तर येतेच, असाच समज होता. विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले होते, पण ते साहेबांसाठी, इंग्रजीत. मराठी मुलांच्या हाती मराठीचे व्याकरण पडले ते १८३६ मध्ये, आणि गंमत अशी की त्याच साली दोन पुस्तके निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' हे एक, आणि बाळशास्त्री जांभेकरांचे 'बालव्याकरण' हे दुसरे. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे, ते गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते, १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तेव्हा तिकडे गेले. मराठी वृत्तपत्राचा जनक म्हणून बाळशास्त्र्यांचे नाव आपण दरवर्षी ६ जानेवारीला घेतो. लहान मुलांसाठी व्याकरण लिहावे असे वाटणाऱ्या पहिल्या मराठी माणसांतही ते होते, याची आठवण मात्र कोणी काढत नाही.

या पुस्तकांनी मोठे काम केले यात शंका नाही. बोलीभाषा म्हणून जिची हेटाळणी होई तिलाही नियम आहेत, तिचाही अभ्यास करता येतो, हा अभिमान त्यांनी दिला. परंतु त्यांच्याबरोबर साचेही आले. दादोबांच्या डोळ्यांपुढे लिंडले मरेचे इंग्रजी व्याकरण होते; पाठीशी संस्कृताचा विभक्तिविचार होता. मराठी मूल शाळेत जे 'स, ला, ते' घोकू लागले ते आजतागायत घोकते आहे. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते. चतुर्थीचेही स, ला, ते. मग या दोन विभक्ती का, असे एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारले तर मास्तर काय सांगणार? संस्कृतात त्या दोन आहेत म्हणून! मराठीची खरी करामत प्रत्ययात नाही, प्रत्ययाआधी शब्द जो वळण घेतो त्यात आहे. पाऊस-पावसाला, मासा-माशाला, भाऊ-भावाला. हे सामान्यरूप मूल तीन-चार वर्षांचे असताना घरातच शिकते. शाळेने त्याला जे येत होते त्याची ओळख करून देण्याऐवजी जे येत नव्हते त्याचा तक्ता हाती दिला.

या साच्यांची पुढे कसोशीने तपासणी ज्याने केली तोही रत्नागिरी जिल्ह्यातल्याच घरातला. मालगुंडच्या केशवसुतांचे स्मारक १९९४ पासून उभे आहे आणि तेथे वाचकांची ये-जा असते. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा भला जाड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि दोन वर्षांनी ते गेले. दादोबांपासूनच्या सगळ्या मतांचा खल त्यात आहे, आणि अजूनही मराठी व्याकरणाचा अभ्यासक त्याला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. दामले बंधूंचे वडील शिक्षक होते. गंगाधरपंत टिळकही शिक्षकच. बेताच्या पगाराच्या शाळामास्तराचे घर आणि व्याकरण यांचे या जिल्ह्यात काही नाते असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. रूपावलीचा परवचा कोणाच्या ओटीवर चाले? गावातल्या मूठभर घरांच्या. कुळवाड्यांच्या, खारव्यांच्या, महारवाड्यातल्या मुलाला तो ऐकूही येणार नाही अशीच व्यवस्था होती. छापील व्याकरण शाळेत आल्यावर दार उघडायला हवे होते. ते थोडेसे उघडले, पण उंबरठ्यावर शुद्ध-अशुद्धाचा दंडही उभा राहिला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांच्या भाषेतल्या व्याकरणाच्या चुकांची थट्टा मांडली. मुद्द्याला उत्तर देण्याऐवजी विभक्तीवर बोट ठेवले की काम भागते, हा धडा त्या थट्टेने पुढच्या कित्येकांना घालून दिला. संगमेश्वरी बोलणारे पोर वर्गात तोंड उघडायला कचरू लागते, त्याचे मूळ येथे आहे. खेळात असे होत नाही. च-ची भाषा संगमेश्वरीतही तितकीच रंगते आणि भेंड्यांत ओवीही चालते. तेथे शुद्धतेचा नियम एकच: खेळणाऱ्यांना कळले पाहिजे.

मुलींची गोष्ट याहून वेगळी आणि बोलकी आहे. त्यांना रूपावली नव्हती, शाळाही उशिरा आली. पण जात्यावर ओवी होती, माजघरात कोडी होती आणि लग्नानंतर उखाणा होता. नवऱ्याचे नाव नुसते घ्यायचे नाही, यमकात गुंफून घ्यायचे. आणि ते घेताना आदराचे बहुवचन, त्याचे सामान्यरूप, त्याला जुळणारे क्रियापद हे सगळे क्षणात साधायचे. निरक्षर बाईला हे येत होते. ज्या थोड्या घरांत बाईला शास्त्रही मिळाले, तेथे काय घडले याचे उदाहरण पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि त्या माउलीने पहाटे उठवून ते मुलीला तोंडी शिकवले. शाळा नाही, वर्ग नाही, तीर्थयात्रेची वाट हेच घर. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. घरातली शिकवण किती दूर नेते, आणि ती किती जणींना नाकारली गेली, या दोन्ही गोष्टी या एका उदाहरणात दिसतात.

आता पुन्हा टिळकांच्या मुलाकडे वळू. १८६६ मध्ये वडिलांची बदली होऊन बिऱ्हाड पुण्यास गेले. तेथल्या शाळेत शुद्धलेखनाच्या वेळी 'संत' हा शब्द वारंवार आला, तेव्हा या मुलाने तो एकदा संत, एकदा सन्त आणि एकदा सन्‌त असा तीन तऱ्हांनी लिहिला. मास्तरांनी एक बरोबर धरून दोन खोडले. मुलगा ऐकेना, तिन्ही बरोबर आहेत म्हणून त्याने वाद घातला. ही गोष्ट आपण सहसा लोकमान्यांच्या करारीपणाचा दाखला म्हणून सांगतो. मला तीत निराळेच दिसते. हे पोर लेखणीने खेळत होते. एकाच उच्चाराला तीन रूपे देता येतात, हे त्याला घरी कळले होते आणि ते करून पाहण्याची त्याला हौस आली होती. नियम त्याला कुंपणासारखा वाटत नव्हता, मोकळ्या अंगणासारखा वाटत होता. पैने श्लोक पाठ होतात. ही मिजास पैने येत नाही. ती नियम आपला वाटल्यानेच येते.

व्याकरणाला खेळाच्या पटावर बसवण्याची धडपड इतर देशांतही झाली आहे. मातियास रिंगमान या जर्मन पंडिताने १५०९ मध्ये लॅटिन व्याकरण पत्त्यांच्या खेळात घातले. नाम म्हणजे धर्मगुरू, क्रियापद म्हणजे राजा, क्रियाविशेषण म्हणजे राणी, असा त्याचा दरबार. अमेरिकेला अमेरिका हे नाव देणारा जो नकाशा १५०७ मध्ये निघाला, त्याच्या कामातही हाच रिंगमान होता. आपल्या काळाच्या जवळ यायचे तर मारिया माँटेसरी. तिच्या पद्धतीत नाम काळ्या त्रिकोणाने दाखवतात, क्रियापद लाल गोलाने. मुलाला चिठ्ठी मिळते, तीवर एकच क्रियापद लिहिलेले असते, आणि मुलाने ते वाचून करून दाखवायचे असते. क्रियापद म्हणजे क्रिया, हे व्याख्येने कळण्याआधी हातापायांना कळते. माँटेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धाची सगळी वर्षे या देशातच राहिल्या. ते विचार मराठी मातीत रुजवण्याचे काम ताराबाई मोडकांनी दादरला, बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर केले. परदेशी महाग साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने त्यांनी मुलांच्या हाती दिली. कोकणच्या पोराला यात नवे ते काय वाटावे? त्याची साधने नेहमी अंगणातच पडलेली होती.

आज स्थिती काय आहे? कायद्याची बाजू भक्कम दिसते. २०२० मध्ये महाराष्ट्रात सर्व शाळांतून मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण कायदा शाळेपर्यंत पोचतो, ओटीपर्यंत नाही. नातू इंग्रजी शाळेत, सून-मुलगा मुंबईत नाही तर त्याहूनही लांब, आजी रत्नागिरीत. फोनवर नातू म्हणतो, 'मी मासाला बघितला.' आजी हसते आणि विषय बदलते, कारण टोकले तर पोर उद्या मराठीत बोलायचेच नाही, ही भीती तिच्या पोटात असते. ती भीती खोटी नाही. सुधारणेच्या लाल शाईने जेवढी मराठी शुद्ध झाली, त्याहून अधिक गप्प झाली असेल.

पण त्याच आजीने जर म्हटले, चल, मी शब्द सांगते, तू त्याला 'ला' लाव, चुकला त्याच्यावर राज्य, फणस, काजू, होडी, मासा, ससा, पाऊस, तर? मग 'मासाला' ही चूक राहत नाही, तो डाव होतो. आणि पुढच्या डावाला आजीवरही राज्य येऊ शकते, कारण नातू तिला एखादा इंग्रजी शब्द घालील. बसला काय म्हणायचे, बसला की बशीला? हा प्रश्न क्षुल्लक नाही. परकी शब्द मराठीत शिरताना सामान्यरूप घेतो की नाही, यावर वैयाकरणांनी पाने लिहिली आहेत. खेळ संपल्यावर कधीतरी, घाई न करता, सांगावे की शब्दाच्या या वळणाला सामान्यरूप म्हणतात. नाव शेवटी यावे. माणसाची ओळख आधी होते आणि नाव मागून विचारले जाते, तसेच.

खेळाने सगळे साधेल असे मात्र कोणी समजू नये. वाक्याचे पृथक्करण, प्रयोग, समास यांना पुढे बैठकीने अभ्यास लागतोच. गंगाधरपंतांच्या मुलालाही समासचक्र पाठच करावे लागले. आणि हल्ली खेळाच्या नावाखाली फोनवर जे चालते, बरोबर उत्तराला एक चांदणी, दहा चांदण्यांना एक पदक, ती तर गंगाधरपंतांची पैच, फक्त चकचकीत केलेली. तीत निदान बापाच्या हाताची ऊब होती. खऱ्या खेळाला दुसरे माणूस लागते, हसणारे आणि हरणारे.

दिवाळीच्या चार दिवसांत घरे भरतात. मुंबई-पुण्याची मुले कोकणात येतात, आजी-आजोबांना नातवंडे मिळतात, फराळ होतो, आणि दुपारी प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये शिरतो. अशा एखाद्या दुपारी भेंड्या लावून पाहाव्यात. ळ येईल तेव्हा लहानग्याला नियम सांगू नये. त्याला अडू द्यावे. तो थोडा वेळ शोधील, रागावेल, आणि मग आपणच म्हणेल, ळ ने काही सुरूच होत नाही, मी ल घेतो.